ब्रुकमधली सुईण

एर्लांगेनच्या ब्रुक भागात बस थांबायच्या बेतात होती, नुबिया बॅग खांद्याला लावून दाराशी उभी होती, आणि काचेतून तिला स्वतःचंच तोंड दिसलं. प्रतिबिंब नव्हे. थांब्याच्या कडेला जाहिरातीची उभी चौकट असते. कालपर्यंत तिच्यात दह्याची जाहिरात होती, आज तिच्यात नुबिया होती. माणसाएवढी. आखूड कुरळे केस, रुंद खांदे, पांढरा शर्ट आणि फोटो काढणाऱ्याने विनवूनही न हसलेलं तोंड. खाली ठळक जर्मन अक्षरांत: नुबिया. हेबामे. ट्रान्स स्त्री. राहणार एर्लांगेन.

ती उतरली. थांब्यावर एक म्हातारा काठी टेकून बसला होता. त्याने एकदा काचेकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मग अगदी मन लावून बसचं वेळापत्रक वाचायला घेतलं.

हेबामे म्हणजे सुईण. आपल्याकडे ही जात आता संपत आली, पण जर्मनीत बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की शिकलेली, परवाना असलेली सुईण काही आठवडे घरी येते. बाळाचं वजन करते, बेंबी बघते, आईचे टाके बघते आणि आईला उगाच रडू आलं तर शेजारी बसते. नुबिया हे काम गेली चार वर्षं करत होती. एर्लांगेनमधल्या निम्म्या परदेशी बाळंतिणी तिच्या वाट्याला यायच्या, कारण तिला स्पॅनिश येत होतं, इंग्रजी येत होतं आणि जर्मन लोकांना कंटाळा आणणाऱ्या सासवा-आया तिला आवडत होत्या.

ती रस्ता ओलांडायला वळली आणि तिने वर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत दोरीवर झबली वाळत होती. आज तिला तिथेच जायचं होतं. थांब्यावरून ती झबली स्पष्ट दिसत होती, म्हणजे बाल्कनीतून ही चौकटही तितकीच स्पष्ट दिसत असणार.

तिने काही लपवलं होतं असं नाही. पण सांगितलंही नव्हतं. प्रॅक्टिसमधल्या सहकाऱ्यांना माहीत होतं, कागदपत्रं मायदेशी, कोलंबियातच बदलून आणली होती आणि ती चोख होती. कागद शहाणे असतात. माणसांचं सांगता येत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शिरताना तिला एकच गोष्ट हवी असायची, ती म्हणजे सगळ्यांनी बाळाकडे बघावं. तिच्याकडे नाही.

मग या फोटोला ती तयार का झाली? त्याला कारण सोल. सोल मेक्सिकोचे. बाई की बुवा असं कोणी विचारलं तर ‘त्यापेक्षा जेवलात का ते विचारा’ म्हणणारे. दोन्ही नाही, असं त्यांचं साधं म्हणणं. न्युर्नबर्गला रविवारी दुपारी त्यांच्या घरी लॅटिन अमेरिकेतल्या अशा सगळ्यांचा अड्डा भरायचा. मक्याच्या रोट्या, रडारड, एकमेकांची टिंगल, व्हिसाचे सल्ले. तिथे एकदा व्हेनेझुएलाची एक नवीन मुलगी आली, विशीतली, भेदरलेली. तिने नुबियाच्या सुजलेल्या पायांकडे बघून विचारलं होतं, ‘आपल्यातली कोणी अशी, नोकरी करून दमलेली, साधी बाईसुद्धा असते का?’ ती गेल्यावर सोल नुबियाकडे वळले. म्हणाले, ‘दिसलोच नाही आपण, तर तिला कळणार कसं? लायब्ररीत फोटोंचं प्रदर्शन आहे. तू हो म्हण.’ तिने हो म्हटलं. लायब्ररीसाठी म्हटलं होतं. लोकांना फोटो फारच आवडले आणि ते गावभर बसथांब्यांवर लागले, आणि तेवढा हक्क देणारी सहीही तिनेच केली होती.

लायब्ररीत फोटो लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका घरून निरोप आला होता. जर्मन माणूस तोंडावर वाईट बोलत नाही, तो सोयीचं कारण काढतो. ‘आम्हाला घराजवळची हेबामे मिळाली, तुमचे मनापासून आभार.’ जी हेबामे वर्ष वर्ष मिळत नाही, ती यांना एका रात्रीत घराजवळ मिळाली. नुबियाने उत्तरात शुभेच्छा दिल्या, फोन उपडा ठेवला आणि भांडी घासत बसली.

ते घर गेलं त्याचं तिला वाईट वाटलं. हे घर गेलं तर मात्र तिला सोसणार नव्हतं.

हे घर रोहिणी आणि पुष्करचं. दोघं महाराष्ट्रातले, औरंगाबादचे. रोहिणी इथल्या विद्यापीठात संशोधन करायची, पुष्कर मेडिकल यंत्रांच्या कंपनीत. पहिली मुलगी झाली, आणि बाळंतपणासाठी रोहिणीची आई, द्रौपदीबाई, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आली. पहिल्या भेटीत द्रौपदीबाई आणि नुबिया यांच्यात युद्धच व्हायचं होतं. बाईंना बाळाला मध चाटवायचा होता, नुबियाने बाटली हातातून काढून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली. बाईंनी शेकासाठी शेगडी मागितली, नुबियाने गरम पाण्याची पिशवी दिली. मग बाईंनी तेल कोमट करून बाळाला चोळायला घेतलं, तेव्हा नुबिया अडवायला पुढे झाली आणि तशीच थांबली. तो अंगठा, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी वर सरकणारा, तिने पाहिला होता. तिच्या आजीचा होता तो.

आजी बुएनाव्हेन्तुराची. कोलंबियाचा पॅसिफिक किनारा, खांबांवर उभी लाकडी घरं, बारमाही पाऊस. आजी तिथली दाई. बाळंतपणाला जाताना सगळ्या नातींना बरोबर न्यायची, शिकवायची. नुबियाला न्यायची नाही, कारण तेव्हा सगळ्यांच्या लेखी नुबिया नातू होती. ती मागोमाग जायची आणि त्या घराच्या खाली, खांबांमध्ये चिखलात बसायची. वरून फळ्यांच्या फटींतून बाईचं ओरडणं यायचं, आजीचा शांत आवाज यायचा, मग बाळाचं रडणं. सोळाव्या वर्षी बापाने घराबाहेर काढलं तेव्हा आजीने दोन गोष्टी केल्या. बापाला चार शिव्या घातल्या आणि नातीला स्वतःचं नाव दिलं. ‘घे. मला सगळे ममाच म्हणतात, नाव नुसतं पडून आहे.’ नुबिया हे आजीचं नाव.

तर त्या तेलाच्या अंगठ्यावरून द्रौपदीबाई आणि नुबिया यांचा तह झाला. एकीला मराठीशिवाय काही येत नव्हतं, दुसरीला मराठी सोडून सगळं. तरी दोघी बाळावर वाकून तासतासभर बोलायच्या. बाई तिला नूबाई म्हणायच्या आणि निघताना तिच्या हातावर डिंकाचा लाडू ठेवून मूठ मिटायच्या. बेल वाजायच्या आधीच दार उघडायचं, कारण बाई बाल्कनीतून वाट बघत असायच्या.

आज बेल वाजवून ती उभीच राहिली.

आतून मराठीत बोलणं येत होतं. आधी रोहिणीचा आवाज, मग बाईंचा, मग दोन्ही एकदम. मग एकदम शांत. शब्द तिला कळले नाहीत, पण तो सूर तिला पाठ होता. एखाद्याबद्दल बोलत असताना तोच दाराशी आला की सूर असाच तुटतो, स्पॅनिशमध्येही आणि जर्मनमध्येही.

दार पुष्करने उघडलं. आज होम ऑफिस आहे, घरूनच काम, म्हणाला, आणि गरजेपेक्षा जास्त हसला.

द्रौपदीबाई पलंगाच्या कडेला बाळ मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. त्यांनी नुबियाकडे पाहिलं, आणि ते बघणं नवीन होतं. आधी गळा पाहिला, मग हाताचे पंजे, मग पाय, मग पुन्हा गळा. इतके दिवस समोर असलेली वस्तू आज पहिल्यांदाच नीट दिसावी तसं.

“मम्मी, दे ना तिच्याकडे,” रोहिणी म्हणाली.

“देते की. घाई काय आहे.”

बाळ मिळालं. नुबियाने वजनाच्या काट्याची झोळी काढली, बाळाला तिच्यात घातलं, काटा वर धरला. काटा जिथे यायला हवा होता तिथे आला नाही. जन्मानंतर बाळ थोडं उतरतं, मग चढायला लागतं. हे अजून चढायचं नाव घेत नव्हतं. कावीळ उतरत होती, पण पोर झोपाळू होतं आणि अंगावर पिताना मधेच डोळे मिटत होतं. घाबरण्यासारखं नव्हतं, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नव्हतं. तिने रोहिणीला नीट समजावलं, उठवून उठवून पाजायचं, पायाच्या तळव्याला गुदगुल्या करायच्या, झोपली म्हणून सोडायचं नाही. शेवटी म्हणाली, “मी उद्या पुन्हा येते. वजन बघू.”

रोहिणीने आईकडे पाहिलं. आईने मान फिरवली.

निघताना नुबिया दाराशी उगाच रेंगाळली. बुटांची नाडी दोनदा बांधली. लाडू आला नाही.

संध्याकाळी रोहिणीचा निरोप आला. ‘उद्या नको. मम्मी म्हणतेय, एकदम रविवारी या. बाळाचं नामकरण आहे, आमचे काही लोक येतील. प्लीज नक्की या, मम्मीने खास सांगितलंय.’

नुबियाने तो चारदा वाचला. उद्या नको, हे तिला समजत होतं. रविवारी या, हे समजत नव्हतं. ज्याला दारातून परत पाठवायचं त्याला समारंभाला कोण बोलावतं? वजनाबद्दल तिने कडक भाषेत उत्तर लिहिलं. पाजण्याच्या वेळा लिहून ठेवा, बाळ उठतच नसेल तर ताबडतोब फोन करा, मी येईन. रोहिणीने फक्त ‘या, गेनाऊ’ असं उत्तर धाडलं. हो, अगदी बरोबर. या दोन शब्दांमागे जर्मनीत काय वाटेल ते लपवता येतं.

सोल यांना फोन केला, तर ते म्हणाले, “मी येऊ बरोबर?”

“तुम्हाला बघून त्यांना आणखी काय काय प्रश्न पडतील, सांगू?” नुबिया म्हणाली. दोघं हसले, पण फार नाही. मग सोल म्हणाले, “जाऊ नकोस मग. बाळ काही तुझ्यावाचून अडलेलं नाही.”

“तेच तर बघायचंय मला.”

शनिवारभर तिने फोन जवळ ठेवला. तो वाजला नाही. चांगली खबर म्हणून वाजला नाही की दुसरी हेबामे मिळाली म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता.

रविवारी बसमधून उतरताना तिने चौकटीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि अर्थातच पाहिलं. कोणीतरी काळ्या जाड पेनने काचेवर लिहून ठेवलं होतं, तिच्या तोंडावरून आडवं, एकच शब्द. तो शब्द इथे लिहिण्याच्या लायकीचा नाही. ती मान खाली घालून पुढे गेली. वजनकाटा बॅगेत होता. समारंभाला जाताना कोणी वजनकाटा नेत नाही, पण त्याच्याशिवाय तिला त्या घरी जाताच आलं नसतं.

जिन्यात चपला-बुटांचा ढीग होता. आत पांढऱ्या कपड्यांतली पंधरा-वीस माणसं, बहुतेक एर्लांगेन-न्युर्नबर्गमधली मराठी बौद्ध कुटुंबं. भिंतीशी टेबलावर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, अगरबत्ती, फुलं. राजाभाऊ नावाचे पिकल्या केसांचे इंजिनिअर, जर्मनीत तीस वर्षं काढलेले, वंदना सांगत होते आणि बाकीचे मागून म्हणत होते. नुबिया मागच्या गादीवर भिंतीला टेकून बसली. खोलीत दाटी होती, माणसं एकमेकांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंना मात्र हातभर जागा मोकळी राहिली. कोणी मुद्दाम ठेवली असं नाही. राहिली, इतकंच. सगळे याच थांब्यावर उतरून आले होते.

बाळाचं नाव अन्वी ठेवलं. टाळ्या झाल्या, पेढे फिरले. नुबियाची नजर बाळाकडे होती. बाळ रोहिणीच्या कुशीत गुंडाळलेलं होतं, नुसतं नाक दिसत होतं. गाल भरलेत की सुजलेत, इतक्या लांबून कळत नव्हतं.

तेवढ्यात द्रौपदीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हातात ताट होतं. ताटात घडी घातलेली हिरवी साडी, नारळ, मूठभर तांदूळ, वर एक नोट. खोली आपोआप दुभंगली. बाई सरळ नुबियासमोर आल्या, हात लांब करून ताट तिच्यापुढे जमिनीवर ठेवलं आणि तिच्या पायांपुढच्या फरशीला हात लावून तो कपाळाला लावला. मग रोहिणीच्या कुशीतून बाळ घेतलं आणि नुबियाच्या मांडीवर ठेवलं. नुबियाला वाटलं, मिळालं बाळ. तिचा हात आपोआप दुपट्याकडे गेला. पण बाईंनी तिचे दोन्ही पंजे धरले आणि एकमेकांवर आपटून दाखवले. टाळी. अशी वाजव. मग एक हात धरून बाळाच्या डोक्यावर नेला.

मागे कोणीतरी मोबाइल वर केला.

“द्रौपदीताई,” राजाभाऊ म्हणाले, “हे काय चाललंय? बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण. हे नारळ-बिरळ, ही अंधश्रद्धा...”

“भाऊ, देवाला नाही करत मी. माणसाला करतेय.” बाई वळल्याही नाहीत.

“मम्मी, प्लीज,” रोहिणी जवळजवळ ओरडली. “ती आपली हेबामे आहे. तू तिचा अपमान करतेयस.”

“अपमान?” बाईंना खरंच कळलं नाही. “तू झालीस तेव्हा कोण आलं होतं ग बघायला? तिसरी मुलगी म्हणून तुझ्या आजीने तोंड नाही बघितलं. गल्लीतून एक जण आली, त्यांच्यातली. तुला मांडीवर घेतलं, टाळी वाजवली, म्हणाली ही पोरगी लांब जाईल. त्यांची जीभ खरी असते. आलीस ना इतक्या लांब? मग माझ्या नातीला नको? परवापासून विचार करतेय मी. दारात चालून आलीय, आणि मी तिला नुसता लाडू देऊन बोळवत होते.”

नुबियाने जर्मनमध्ये विचारलं, “त्या काय मागतायत माझ्याकडे?”

रोहिणीचा चेहरा लाल झाला. “आमच्याकडे... म्हणजे तुमच्यासारखी जी माणसं असतात... ती बाळाला आशीर्वाद देतात. टाळी वाजवून. फार शुभ मानतात. ती खरंच तुमचा मान करतेय, नुबिया. तिला दुसरं काही येत नाही.”

तुमच्यासारखी. हा शब्द नुबियाला चार देशांत भेटला होता, पण पायांपुढे वाकून, मान देत कोणी म्हटला नव्हता. तिला संताप आला, आणि त्याहून जास्त शरम वाटली. हाकललं तर निदान रस्ता तरी मोकळा असतो. पूजलं की जागचं हलताही येत नाही. काय बिघडतं, तिने क्षणभर मनाशी म्हटलं. तीन टाळ्या वाजवायच्या, डोक्यावर हात ठेवायचा, साडी घेऊन घरी जायचं. सगळे खूश. म्हातारी आयुष्यभर सांगेल. पण मग या घरात, आणि मोबाइलमधून या सगळ्यांच्या घरांत, ती टाळीवालीच राहील. सुईण कधीच होणार नाही. इतकी वर्षं खांबांखालच्या चिखलातून जी फळ्यांवर चढायला धडपडली, ती पुन्हा घराबाहेरच.

तिने दोन्ही हात सोडवून घेतले.

“रोहिणी, त्यांना सांगा,” ती म्हणाली. “मला आशीर्वाद देता येत नाही. ते मला कोणी शिकवलेलं नाही. मला वजन करता येतं.”

आणि तिने ताट एका हाताने बाजूला सरकवलं.

ते सरकताना जो आवाज झाला, त्याने द्रौपदीबाईंचं तोंड उतरलं. पुढे केलेलं ताट कोणी मागे सारलं, तेही लेकराच्या नावाचं. “नाही म्हणते?” त्या पुटपुटल्या. “माझ्या नातीला नाही म्हणते?” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणीतरी “अरे बापरे” म्हणालं. पुष्कर पुढे आला, काय करावं न सुचून नारळ उचलला आणि पुन्हा ठेवला.

नुबियाने बॅग उघडली. काटा काढला, झोळी काढली. एक हात बाळाच्या मानेखाली गेला, नेहमीसारखा. तिने दुपटं सोडलं, बेंबी पाहिली. नाळ पडली होती, जागा कोरडी, स्वच्छ. बाळाला झोळीत ठेवलं, उठून उभी राहिली आणि काटा डोळ्यांसमोर धरला. झोळी हेलकावे खात होती. सगळी खोली त्या काट्याकडे बघत होती. पहिल्यांदाच कोणी तिच्याकडे बघत नव्हतं.

काटा स्थिरावला. नुबियाने एकदा पाहिलं, खात्रीसाठी पुन्हा पाहिलं, आणि आकडा सांगितला.

रोहिणी तोंडावर हात ठेवून रडायला लागली. “जन्माच्या वजनाच्या वर गेली,” ती आईला म्हणाली. “मम्मी, चढलं वजन. रात्रभर उठवत होतो ना आपण, तिने सांगितलं तसं.”

द्रौपदीबाई बाळाकडे बघत नव्हत्या. त्या नुबियाच्या हाताकडे बघत होत्या. झोळीतून बाळ काढताना तिची दोन बोटं मानेखाली होती, तळवा पाठीखाली, अंगठा वर बगलेशी. नुबिया बाळाला घेऊन पुन्हा गादीवर बसली. मग बाई येऊन तिच्या शेजारच्या त्या मोकळ्या जागेत बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून.

“हिला सांग,” त्या रोहिणीला म्हणाल्या, “माझी आई सुईण होती.”

रोहिणीला हे माहीत नसावं, कारण ती आईकडेच बघत राहिली.

“सांग. जालन्याकडे आमचं गाव. सगळ्या वाड्यावस्त्यांच्या बाळंतपणाला माझ्या आईला बोलवायचे. बाई अडली की जात नाही आठवायची कुणाला. आत, पार माजघरात नेत. पोर आईच्या हातावर यायचं. नाळ कापली, अंघोळ झाली, की आईने बाहेर व्हायचं. मागून घर शिंपडून घ्यायचे. बारशाला सुईणीचा मान असतो, साडीचोळी. तर आईला अंगणाच्या कडेला बसवायचे, आणि मालकीण ओट्यावरून साडी टाकायची. वरून. तांदूळ टाकायची. म्हणायची, तुझ्या हाताला यश आहे हो सुईणबाई. जे पोर तिने काढलं, ते दुरून दाखवायची. मी बरोबर असायची. येताना आई वाटभर बोलायची नाही. मला वाटायचं, एवढी नवी साडी मिळाली, हिला आनंद का होत नाही.”

रोहिणी अडखळत, थांबत, जर्मनमध्ये सांगत होती. राजाभाऊंनी चष्मा काढून हातात घेतला होता.

बाईंनी ताटाकडे पाहिलं. जमिनीवर, हातभर लांब. “मीपण लांबूनच ठेवलं,” त्या म्हणाल्या. “बघ. माझं मलाच कळलं नाही.”

मग त्या उठल्या. ताटातली साडी तेवढी उचलली आणि बाकी ताट पुष्करकडे दिलं. “हे आत ने. आणि तो फोन खाली ठेवायला सांग त्याला.” साडीची घडी उलगडली, नुबियाच्या खांद्यावरून घेतली, पदर पुढे काढला, मानेपाशी नीट बसवला. हे करताना त्यांची बोटं तिच्या गळ्याला लागली, परवा ज्या गळ्याकडे त्या बघत होत्या त्यालाच, आणि तिथे जराशी टेकून राहिली.

“सुईणीची साडी आहे,” बाई म्हणाल्या. “आशीर्वाद नको. उद्या येऊन वजन कर.”

रोहिणीने सांगितलं. नुबियाला रडू येत होतं, म्हणून तिने नाक ओढून कामाचं बोलायला घेतलं. “उद्या कशाला? वजन चढतंय. बुधवारी येईन.”

“बुधवार तर बुधवार,” बाई म्हणाल्या आणि लाडू आणायला आत गेल्या.

निघताना द्रौपदीबाई तिला पोचवायला खाली आल्या. पुष्कर नको म्हणत होता, गारठा होता, पण त्या शालही न घेता तिच्या हाताला धरून जिना उतरल्या. नुबियाच्या कोटावर हिरवी साडी तशीच होती. रस्ता ओलांडून दोघी थांब्यावर आल्या, आणि बाईंना ती चौकट दिसली. फोटो त्यांनी आधी पाहिला होता. वरचं काळं लिहिणं नव्हतं पाहिलं. त्यांना जर्मन वाचता येत नव्हतं, पण तोंडावरून आडवं लिहिलेलं कुठल्याही भाषेत चांगलं नसतं.

त्यांनी नामकरणासाठी नेसलेल्या पांढऱ्या साडीचा पदर तोंडात घालून ओला केला आणि काच पुसायला लागल्या. शाई पक्की होती. पदराला काळं लागलं, काचेवरचं निघेना. थांब्यावर दोघी-तिघी उभ्या होत्या, त्या बघत राहिल्या. नुबियाने बाईंचं मनगट धरून खुणेने सांगितलं, राहू द्या. बाईंनी हात सोडवून घेतला.

बस आली. नुबिया चढली, मागच्या काचेशी गेली. बस वळली तरी द्रौपदीबाई पुसतच होत्या.